बाबांचा ब्राँझचा दिवा

शाळा मी सोडली. शाळेनं मला काढलेलं नाही. हा फरक आमच्या घरात फक्त मला कळतो. आई येईल त्याला सांगते, "हिला काढलं हो." कारण काढलेल्या मुलीला परत घ्या म्हणून विनवण्या करता येतात. जी स्वतःच्या पायांनी फाटकाबाहेर आली, तिच्यासाठी काय बोलणार? भूमितीच्या सरांनी फेकलेला डस्टर मी त्यांच्यावर परत फेकला आणि निघाले. माझा नेम चांगला आहे, सरांचा नाही. एवढाच काय तो वाद. बाकी त्यात शिरायला नको, आमच्याकडे सगळेजण आधीच शिरून बसलेत.

मला परत कसं पाठवायचं, यावर घरात रोज जेवताना चर्चा व्हायची. मी तिथेच असायचे. पण नादुरुस्त फ्रीजबद्दल बोलताना कुणी फ्रीजला विचारतं का? "हिचं काय करायचं?" आई विचारायची. "बघू," बाबा म्हणायचे. दादा काही म्हणायचा नाही, कारण दादा इंजिनिअरिंगला आहे आणि त्याला तोंडात घास असताना विचार करायची सवय लागलीय.

तोडगा काढला खालच्या काकूंनी. खालच्या काकू राहतात खालच्या मजल्यावर, पण असतात आमच्याकडे. त्यांच्या घरात नुसतं त्यांचं सामान राहतं.

"मोठ्या बाईंना जुन्या दिव्यांचा नाद आहे," त्या म्हणाल्या. मोठ्या बाई म्हणजे आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. "माझ्या भाचीचं असंच अडलं होतं. कंदील दिला एक, माळ्यावर पडून होता. लगेच वर्गात बसली पोरगी."

"म्हणजे लाच द्यायची," बाबा म्हणाले.

"लाच कशी होईल भाऊजी? कंदील होता तो."

इथे बाबांचं सांगायला हवं. बाबा वजनमापं तपासायच्या खात्यात आहेत. दुकानादुकानांत जाऊन तराजू खोटा आहे का ते बघतात. ज्या दुकानात तपासणी असेल तिथलं पाणीसुद्धा पीत नाहीत. भर उन्हात कोरड्या घशानं घरी येतात आणि माठापाशी उभं राहून तांब्या तोंडाला लावतात. त्यांच्या या प्रामाणिकपणाचा आम्हाला मिळालेला फायदा म्हणजे आईला भाजी आणायला लांबच्या बाजारात जावं लागतं, जिथे तिला कुणी ओळखत नाही. जवळच्या बाजारात तिला सगळं बरोबर मोजून देतात, पण सडकं देतात.

त्यामुळे बाबा काकूंना हाकलून देतील असं मला वाटलं होतं. ते उठले. मग स्टूल घेतलं, कपाटावर चढले आणि चादरीत गुंडाळलेला दिवा खाली काढला.

हा दिवा बाबांनी लग्नाच्या आधी जुन्या बाजारातून घेतला होता. आयुष्यात त्यांनी केलेली एकमेव बिनकामाची खरेदी. खाली पांढऱ्या संगमरवराची बैठक. तिच्यावर एक तपकिरी बाई, हात वर करून उभी. तिच्या हातांवर लाल काचेचं तेलाचं भांडं, कंगोरे पाडलेलं, उजेडाला धरलं की डाळिंबासारखं दिसतं. त्यावर पितळी बर्नर, वात वरखाली करायची छोटी चावी, आणि सगळ्याच्या डोक्यावर दुधी काचेचा गोल, त्यावर निळी फुलं. लग्न झाल्यावर आईनं विचारलं होतं, "ही बाई कोण?" आणि दिवा कपाटावर गेला. वर्षातून एकदा बाबा तो काढायचे, बघायचे, परत गुंडाळायचे. "ब्राँझ आहे," म्हणायचे. "हातात घेतला की वजनावरनं कळतं."

आता तो मोठ्या बाईंना जाणार होता आणि त्याच्या बदल्यात मी परत भूमितीच्या तासाला. आणि तो स्वच्छ कुणी करायचा? तर मी.

"रिकामी तर आहेस," आई म्हणाली.

"तुरुंगात टाकायचंय तर टाका. पण गज मीच का घासू?"

"जास्त बोलू नकोस. मळकी वस्तू कुणाला देतात का?"

आमच्या घराचं सगळं अध्यात्म या एका वाक्यात आहे. आम्ही रद्दीसुद्धा नीट घडी घालून देतो.

दिवा फोडून टाकावा असं मनात आलं नाही असं नाही. पण मी बर्नर उघडला, तेव्हा आत एक दातेरी चाक निघालं, इवलंसं. चावी फिरवली की ते फिरायचं आणि वातीला वर ढकलायचं. ते अडकलं होतं. मी ते टाचणीनं मोकळं केलं आणि चावी फिरवत बसले. वर, खाली. वर, खाली. शाळेत इतकी वर्षं काढली, पण अशी एकही वस्तू कुणी माझ्या हातात दिली नव्हती.

मग सल्ले सुरू झाले.

खालच्या काकू म्हणाल्या, लिंबू आणि मीठ. पितळ असं काही चमकलं की काकू स्वतःच्या तोंडाचं प्रतिबिंब बघून खूश झाल्या. "आता खालच्या दगडालाही लाव." मी म्हटलं, "दगड पितळ आहे का?" "तुला काय कळतंय, लिंबू सगळ्याला चालतं." आणि त्यांनी स्वतःच अर्धं लिंबू घेऊन बैठकीवर रगडलं. संगमरवराला फेस आला. पुसल्यावर दिसलं की जिथे जिथे लिंबू लागलं तिथली चकाकी गेली. बोट फिरवलं तर मांजराच्या जिभेसारखं लागत होतं.

"दगडच खोटा असणार," काकू म्हणाल्या आणि त्यांना एकदम गॅसवर दूध ठेवल्याचं आठवलं.

दुसरे आमच्या वरचे काका. त्यांना आम्ही माजी काका म्हणतो, कारण ते सगळ्याचे माजी आहेत. माजी अभियंता, माजी सचिव, माजी खजिनदार. त्यांनी भांडं हलवून बघितलं. लाल काचेवर बर्नर बसवायला जी पितळी कडी असते, ती काचेला प्लास्टरनं चिकटवलेली असते. ते प्लास्टर तेलानं भुसभुशीत झालं होतं, कडी डुगडुगत होती.

"सिमेंट," माजी काका म्हणाले.

"काच तडकेल."

"आम्ही धरणं बांधली आहेत."

"गळत नाहीत ना?" मी विचारलं. आईनं मला आत पाठवलं.

मी मागच्या दारानं निघाले आणि कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. जबड्याचे साचे घ्यायला त्यांच्याकडे बारीक प्लास्टर असतं, हे मला दाढ काढली तेव्हापासून माहीत होतं. त्यांनी मूठभर दिलं, पण त्याआधी खुर्चीत बसवून तोंड उघडायला लावलं आणि अर्धा तास सुनावलं. मी तोंड उघडं असल्यामुळे उत्तर देऊ शकत नव्हते. माझ्याशी बोलायची ही पद्धत घरच्यांना कळली नाही म्हणजे मिळवलं.

घरी येऊन जुनं प्लास्टर दाभणानं टोकरून काढलं, काच धुतली, वाळवली, नवीन प्लास्टर कालवलं आणि कडी बसवली. सरळ बसलीय का ते खाली वाकून, डोळा बारीक करून, चहूबाजूंनी बघितलं. दुसऱ्या दिवशी हलवून पाहिली. हलेना. मी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

तोवर आईनं दुधी गोल कोमट साबणाच्या पाण्यात घातला होता. "धूळ किती होती गं त्याच्यावर," ती म्हणाली. पाणी निळं झालं होतं. फुलं भाजून पक्की केलेली नव्हती, नुसती वरून रंगवलेली होती. अर्धी पाण्यात गेली, अर्धी काचेवर राहिली, आणि जी राहिली ती रडून आल्यासारखी दिसत होती. आई बादलीत बघत बसली.

"मला वाटलं मळ आहे."

"निळा मळ?"

तिनं बादली मोरीत ओतली. सायकल रंगवायचा निळा रंग होता, तो घेतला आणि बारीक कुंचल्यानं एकेक पाकळी परत काढली. चित्रकलेत मला नेहमी शेवटून पहिला नंबर, कारण आंबा काढायला सांगितला की मी किडका काढायचे. पण ही फुलं जमली. आई मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "देठ जरा वाकडा हवा." वाकडा केला. सगळ्या प्रकरणात कामाचा सल्ला हा एकच.

राहिली तपकिरी बाई. ती दादाच्या वाट्याला आली. म्हणजे त्यानं घेतली. लोहचुंबक लावून बघितलं, चिकटलं नाही. "लोखंड नाही. म्हणजे ब्राँझ," तो म्हणाला. मी म्हटलं, "मी पण लोखंड नाही." त्यानं दुर्लक्ष केलं आणि व्हिनेगरमध्ये फडकं भिजवून बाईला गुंडाळून ठेवलं. "ब्राँझला काही होत नाही. केमिस्ट्री आहे." संध्याकाळी फडकं सोडलं तेव्हा बाईचा तपकिरी रंग सोलून फडक्याला आला होता. आत बाई करडी होती. बादलीच्या रंगाची.

बाबा कामावरून आले. पायात बूट तसेच. त्यांनी बाईला उचललं, हातात तोललं, उलटी केली, बुडाला बारीक खिळा खुपसून बघितला. रोज दुकानांत करतात तसंच.

"जस्त आहे," ते म्हणाले. "वरनं रंग दिलाय. आणि पोटात शिसं ओतलंय."

"शिसं कशाला?" आईनं विचारलं.

"जड लागावं म्हणून."

अख्ख्या गावातले तराजू तपासणाऱ्या माणसाला वजनातच फसवलं होतं, आणि ते त्याला इतक्या वर्षांनी, लेकाच्या केमिस्ट्रीमुळे, खालच्या काकूंसमोर कळलं होतं. हो, काकूंचं दूध एव्हाना उतू जाऊन त्या परत आल्या होत्या. "जस्त पण चांगलं असतं," त्या म्हणाल्या.

बाबांनी बूट काढले. मग बुटाचं तपकिरी पॉलिश आणलं, ब्रश आणला आणि जमिनीवर बसून त्या बाईला पॉलिश करायला लागले. चेहऱ्याला ब्रश न लावता बोटानं लावलं. मी मदत करायला गेले तर म्हणाले, "नको, हात खराब होतील." त्यांच्या खात्यात याला काय म्हणतात ते मला माहीत आहे. त्यासाठी त्यांनी माणसांची दुकानं बंद केलीत.

दिवा परत तपकिरी झाला. त्याला नव्या बुटांचा वास यायला लागला, एवढंच.

पण अजून बाबांचं मन खात होतं. लाच ती लाच. त्यांनी त्यावर उपाय शोधला तो त्यांनाच सुचू शकतो. "लाचेला कधी सरकारी कागद असतो का? नसतो. कागद असला की ती भेट." म्हणून दिवा जुना असल्याचा दाखला घ्यायचा ठरलं आणि बाबा रजा टाकून मला आणि दिव्याला घेऊन जुन्या वस्तूंच्या कचेरीत गेले.

दारावरच्या शिपायानं दिवा हुंगला. "तेल आहे का आत?"

"थोडं आहे," बाबा म्हणाले. पेटवून दाखवायला लागलं तर म्हणून सकाळीच घातलं होतं, आणि खोटं बोलायचं सुचलंच नाही.

"तेल आत न्यायला मनाई आहे."

आम्ही रस्त्याच्या कडेला उभं राहून तेल ओतलं, वात पिळली. आत गेलो. खिडकीतला माणूस चष्मा कपाळावर ठेवून समोरचं वाचायचा प्रयत्न करत होता.

"काय आहे?"

"दिवा."

"पेटतो का? पेटत असेल तर दिवा. नाहीतर शोभेची वस्तू."

"पेटतो," मी म्हटलं.

"पेटवून दाखवा."

"तेल आत आणू देत नाहीत," मी म्हटलं.

"बरोबर आहे. आग लागेल ना."

"मग पेटवायचा कसा?"

"पेटवायचा नाही. शोभेच्या वस्तूत टाका. ती खिडकी पलीकडे."

पलीकडची खिडकी बंद होती. तिच्यावर पुठ्ठा लावला होता, की चौकशी अलीकडच्या खिडकीत करावी. आम्ही परत आलो. त्या माणसानं आता चष्मा डोळ्यांवर आणला होता आणि पहिल्यांदाच दिव्याकडे बघितलं.

"हा घासलाय तुम्ही."

"स्वच्छ केला," बाबा म्हणाले.

"घासलेली वस्तू आम्ही जुनी धरत नाही. मळ असेल तर जुनी."

"मग मळ लावून आणू का?" मी विचारलं. माझा आवाज जरा चढला असावा, कारण शिपाई आत आला. बाबांनी माझं मनगट धरलं आणि त्या माणसाला "आभारी आहे" म्हणाले. कशाबद्दल ते मला आजवर कळलेलं नाही.

बाहेर पायरीवर बाबांनी दिवा मांडीवर घेतला आणि बसले. मी म्हटलं, "बाबा, राहू दे. ठेवू आपल्याकडेच. मी काहीतरी शिकीन. हे असलं. कड्या बसवायचं."

"कड्या बसवून काय होतं?"

"बसतात."

ते हसले नाहीत. "तू दहावी तरी हो," म्हणाले आणि चादर परत गुंडाळली.

मोठ्या बाईंच्या खोलीत एक काचेचं कपाट आहे. मी तिथे शिक्षा ऐकायला बऱ्याचदा उभी राहिले होते, पण तेव्हा खाली बघायचं असतं. आज वर बघितलं. कपाटात दिवेच दिवे. चिनीमातीचे, पितळेचे, निळ्या काचेचे, एक रुप्याचं पाणी दिलेला. प्रत्येकामागे कोणत्यातरी नापासाचा चेहरा दिसायला लागला. आणि प्रत्येकाच्या बुडातून एक काळी वायर निघून मागे कुठेतरी जात होती.

बाबांनी वाक्य पाठ केलं होतं. "बाई, ही भेट नसून एक आठवण आहे." घरी आरशासमोर म्हणून बघितलं होतं, मी ऐकलं होतं. तिथे त्यांनी चादर सोडली आणि नुसतेच उभे राहिले.

"अरे वा," मोठ्या बाई म्हणाल्या. "छान चमकतोय." लिंबानं खाल्लेल्या दगडावरून त्यांनी हात फिरवला. त्यांना काही जाणवलं नाही. निळी फुलं बघितली, माझ्या सायकलची. "काय सुंदर जुनं काम आहे. हल्ली असं कोण करतं?" मग तपकिरी बाईकडे बोट केलं. "ही ब्राँझ ना?"

बाबांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"हो," ते म्हणाले.

एकच शब्द. आयुष्यात त्यांना खोटं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं, आणि ते माझ्यासाठी होतं, आणि मला ते नको होतं. डस्टर फेकताना आला होता तसा राग आला. पण ज्याच्यावर काही फेकावं असं समोर कुणीच नव्हतं.

मोठ्या बाईंनी लाल भांडं उजेडाला धरलं. "उद्यापासून पाठवा हिला," म्हणाल्या. आणि मग अर्धवट स्वतःशीच, "यातनं वायर कुठून काढायची?"

बाबांनी ते ऐकलं नाही. ते चादरीची घडी घालत होते. कोपऱ्याला कोपरा जुळवून, नीट.

मी शाळेत जायला लागले. भूमितीचे सर आता माझ्याकडे बघत नाहीत आणि मी त्यांच्याकडे, त्यामुळे आमचं बरं चाललंय. एका दुपारी शिपाई वर्गात आला आणि मला मोठ्या बाईंच्या खोलीत घेऊन गेला. तिथे विजेचं काम करणारा माणूस बसला होता आणि टेबलावर वर्तमानपत्र पसरून दिवा आडवा ठेवला होता.

"तुमच्या घरचा ना हा?" मोठ्या बाई म्हणाल्या. "जरा धर. हलतोय."

मी धरला. त्यानं बर्नर काढून बाजूला टाकला. बल्बचा होल्डर बसवायला कडी काढायची होती, ती निघेना. त्यानं पक्कड लावली, पिळली, मग पेचकसाच्या मुठीनं ठोकलं.

"कुणी बसवलीय ही?" तो वैतागून म्हणाला. "दगड झालाय नुसता."

"माहीत नाही," मी म्हटलं.

शेवटी निघाली, काचेचा टवका घेऊन. मग त्यानं लाल भांड्याच्या बुडाला ड्रिल लावलं. थोडं पाणी सोडायचं आणि फिरवायचं, थोडं पाणी आणि फिरवायचं. माझ्या बोटांना सगळं जाणवत होतं. तळाला तडा गेला, पण बाहेरून दिसत नाही, असं तो म्हणाला. वायर बाईच्या पोटातून, शिशातून, संगमरवरातून खाली काढली. बल्ब लावला, बटण दाबलं.

"बघ," मोठ्या बाई म्हणाल्या, "आता कसा कामाचा झाला."

बर्नर वर्तमानपत्रासकट कचऱ्याच्या टोपलीत गेला. तो आता माझ्या दप्तरात असतो. कंटाळा आला की बाकाखाली चावी फिरवते.

घरी मला वाटलं होतं बाबा रोज अभ्यासाचं विचारतील. आज काय शिकवलं, गृहपाठ दाखव. त्यांनी एकदाही विचारलं नाही. जेवताना आई उठून आत गेली की ते ताटात बघत हळूच विचारतात.

"मोठ्या बाई पेटवतात का गं तो?"

"पेटवतात."

"लाल काचेतनं उजेड कसा दिसतो? मी कधी पेटवून बघितलाच नाही. कपाटावरच होता."

"छान दिसतो."

"काजळी धरते का? वात फार वर नको म्हणावं, काच काळी होते."

"नाही बाबा," मी म्हणते. "काजळी अजिबात धरत नाही."

"वाटलंच," बाबा म्हणतात आणि पुढचा घास घेतात.